शेतावर राहायला जायचंय ना? मग आधी शेताबद्दल विचारा

वाचकाचं पत्र

"आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. सहा एकर द्राक्षबाग, दोन गाई आणि परसातली भाजी. लग्नाला बारा वर्षं झाली, पण घरातली सगळी मिळून कधी लांब गेलो नाही. येत्या मेच्या शेवटी, पीक निघाल्यानंतरची खरड छाटणी होऊन बाग जरा हाताखालून गेली की, आठ दिवस इटलीला जायचं ठरवलंय. बाग दीर बघतील. शहरात हॉटेलवर राहायची आम्हाला हौस नाही. तिथल्या शेतकऱ्याच्या घरी राहावं, मुलांनी तिथली शेती बघावी एवढीच इच्छा आहे. मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा खात नाहीत. यजमान गाडी चालवतात, पण तिकडे उजव्या बाजूने चालवायचं म्हणजे धाकधूक वाटते. इंटरनेटवर टस्कनीतलं एक शेतघर सापडलं. पोहण्याचा तलाव, सरूची झाडं, पाच माणसांना रात्रीचे फक्त ७० युरो. मालक व्हॉट्सॲपवर लगेच बोलला. म्हणतो, त्या वेबसाइटवरून बुकिंग करू नका, आठ रात्रींचे सगळे पैसे थेट माझ्या खात्यावर पाठवा, १५ टक्के सूट देतो. पण दोन दिवसांत पाठवा, दुसरं एक कुटुंब मागे लागलंय. काय करावं? आणि सासूबाई विचारतात, शेतातून उठून शेतातच जायचं तर एवढा खर्च कशाला? त्यांना काय सांगू?"

ताई,

ते पैसे पाठवू नका. बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच करा.

तो माणूस लबाडच आहे, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एका ठिकाणी आल्या की मी स्वतः तिथे थांबते. भाव आजूबाजूच्या घरांपेक्षा फार कमी. बोलणं वेबसाइटवरून काढून व्हॉट्सॲपवर नेलेलं. सगळी रक्कम आधी मागितलेली. आणि दोन दिवसांची मुदत. तुमच्याकडे बांधावर येणारा नवा व्यापारी असाच बोलतो ना? "भाव चांगला देतो, पण माल आज उचलू द्या, पैसे आठ दिवसांनी." द्राक्ष उत्पादकांचे पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांच्या बातम्या नाशिकला नव्या नाहीत. ओळख नसलेल्या व्यापाऱ्याला तुम्ही जे विचारता, तेच इथे विचारायचं. खात्याचा नंबर नीट बघा. इटलीतला बँक खाते क्रमांक आयटी या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यात एकूण २७ अक्षरं-आकडे असतात. शेत टस्कनीत, खातं दुसऱ्याच देशात आणि खातेदाराचं नाव शेताच्या नावाशी जुळत नाही, असं असेल तर पुढे बोलायचंच कारण नाही. आपल्या बँकेतून परदेशी गेलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. कार्डाने, वेबसाइटच्या आत दिलेले असतील तर निदान तक्रार करायला जागा राहते.

एक सावधगिरी वेबसाइटच्या आतसुद्धा बाळगा. ठग कधी कधी खऱ्या मालकाच्या खात्यात घुसतात आणि त्याच्याच नावाने निरोप पाठवतात, की कार्डाची पडताळणी राहिली आहे, या लिंकवर जा, नाहीतर बुकिंग रद्द होईल. निरोप खऱ्या खात्यातून आलेला असल्यामुळे माणूस फसतो. अशा लिंकवर कार्डाचा नंबर कधीच टाकू नका. शेताच्या स्वतःच्या वेबसाइटवर जो फोन आहे, त्यावर फोन करून विचारा.

आता मूळ प्रश्न. खरं शेत कसं ओळखायचं?

इटलीत तुमच्या बाजूने एक चांगला कायदा उभा आहे. शेतकऱ्याने पाहुणे ठेवायचे, या व्यवसायाला तिथे अग्रितुरिझ्मो म्हणतात. त्याचा पहिला राष्ट्रीय कायदा १९८५ साली झाला आणि २००६ साली त्याच्या जागी नवा आला. तो शब्द कोणीही आपल्या घरावर लावू शकत नाही. घर चालवणारा शेतकरी असावा लागतो आणि शेती हाच त्याचा मुख्य उद्योग राहावा लागतो. पाहुण्यांचं काम शेतीपेक्षा मोठं होता कामा नये. ते मोजताना शेतीला किती वेळ जातो आणि पाहुण्यांना किती, हे बघतात. दहापर्यंतच पाहुणे असतील तर शेतीच मुख्य आहे असं धरून चालतात. जेवण देत असतील तर त्यात स्वतःच्या शेतातला आणि त्या भागातला माल ठरावीक प्रमाणात असावा लागतो. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत रस्त्याकडेला चार खाटा टाकून "कृषी पर्यटन" असा फलक लावलेला दिसतो. तिथे तसं कायद्याने चालत नाही.

पण याला एक पळवाट आहे आणि तीत मी स्वतः अडकले होते. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आईवडिलांना घेऊन इटलीतल्याच उंब्रिया भागात गेले होते. जाहिरातीत द्राक्षबाग, ऑलिव्हची झाडं, दगडी घर असं सगळं होतं. "कंट्री हाउस" हे शब्द मी वाचले आणि शेतघरालाच शहरी लोक असं म्हणत असतील असं धरून चालले. प्रत्यक्षात तिथे ती निराळी वर्गवारी आहे. गावाकडचं घर, एवढाच तिचा अर्थ. बाग शेजाऱ्याची होती, मालक रोममध्ये राहत होता आणि किल्ली दारालगतच्या आकडेवाल्या डबीत होती. पाच दिवसांत आम्हाला तिथे एकही माणूस भेटला नाही. दुसऱ्या रात्री बाबांना ताप भरला. औषधाचं दुकान चौदा किलोमीटरवर, त्यातले शेवटचे चार किलोमीटर खडीचा रस्ता, आणि अंधारात गाडी चालवणारी मी एकटीच. त्या रात्रीपासून "शेजारी कोण आहे?" हा प्रश्न माझ्या यादीत पहिला असतो. निघताना मीटर बघून हीटरचे वेगळे पैसे घेतले, ते निराळंच.

म्हणून आधी वर्गवारी तपासा. १ जानेवारी २०२५ पासून इटलीतल्या प्रत्येक पर्यटक-घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याला सीआयएन म्हणतात. तो दाराबाहेर आणि प्रत्येक जाहिरातीत दाखवणं बंधनकारक आहे, नाहीतर हजारो युरोंपर्यंत दंड होतो. क्रमांकाची सुरुवात आयटी या अक्षरांनी होते, पुढचे तीन आकडे प्रांताचे. सिएना असेल तर ०५२, फिरेन्झे म्हणजे फ्लॉरेन्स असेल तर ०४८, उत्तरेकडचं बोल्झानो असेल तर ०२१. त्यापुढचे तीन आकडे गावाचे, आणि मग एक अक्षर व एक आकडा येतो, तो घराचा प्रकार सांगतो. शेतकऱ्याच्या घराला तिथे बी ५ असतं. सी २ दिसलं तर ते खासगी भाड्याचं घर. वाईटच असेल असं नाही, पण शेत नव्हे. जाहिरातीत हा क्रमांक नसेल तर मागा. मिळाला तर इंटरनेटवर शोधून बघा, त्याच नावाचं, त्याच गावचं शेत निघतं का. ठग दुसऱ्याचा क्रमांक उचलून लावू शकतो, म्हणून गाव जुळणं महत्त्वाचं. शेताची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्या तळाशी पार्तीता ईवा नावाचा अकरा आकडी कर क्रमांकही असतो.

सूर्यफुलांची चिन्हं दिसतील, एकापासून पाचपर्यंत. ती सरकारमान्य दर्जाची खूण आहे. जास्त फुलं म्हणजे सोयी जास्त, एवढंच तिच्यावरून कळतं. एखाद्या दोन फुलांच्या घरची म्हातारी तुमच्या मुलांना सकाळी कोंबड्यांची अंडी गोळा करायला नेईल आणि पाच फुलांच्या घरी तसं कोणी भेटणार नाही, असंही होतं.

कागद तपासून झाले की तुमची खरी ताकद वापरा. शहरातल्या वाचकाला मी हे सांगू शकत नाही, तुम्हाला सांगू शकते, कारण तुम्ही शेतकरी आहात. मालकाला शेताबद्दल विचारा. मेच्या शेवटी तुमच्या शेतात काय काम चालू असेल? बाग किती हेक्टर, कुठली जात, द्राक्षांची वाइन स्वतः करता की द्राक्षं सहकारी संस्थेला देता? मजूर कुठून येतात? यंदा गारपीट झाली का? आमची बाग आहे, आम्ही वर्षात दोनदा छाटतो आणि एकदा पीक घेतो, तुम्ही कसं करता? ताई, हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो आणि छाटणी तेव्हाच, वर्षातून एकदा होते. दोनदा छाटणारा शेतकरी खऱ्या बागायतदाराने बहुधा ऐकलेला नसतो. तो दोन ओळींच्या जागी दोन पानं लिहील. फोटो उचलून जाहिरात टाकणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तरच देता येत नाही, तो तलाव आणि सवलत यांवरच परत येतो.

उत्तर यायला उशीर झाला तर घाबरू नका. मोडकं इंग्रजी आलं तरी चालेल. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, आणि गवत कापणीच्या दिवसांत शेतकरी रात्री नऊनंतर फोन हातात घेतो. तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजून गेलेले असतात. दिवसाच्या कुठल्याही वेळी दोन मिनिटांत गुळगुळीत उत्तर देणाऱ्यापेक्षा मला असा माणूस जास्त भरवशाचा वाटतो. तुम्ही भाषांतराच्या ॲपने त्यांच्या भाषेत छोटी वाक्यं लिहा. आणि बोलणं जमलं की एकदा व्हिडिओ कॉलवर गोठा दाखवायला सांगा. गोठा दाखवायला कुठल्याही शेतकऱ्याला आवडतं.

नकाशाही बघा. उपग्रहाच्या चित्रात घराभोवती ओळीत लावलेली झाडं, शेड, यंत्रं दिसतात का? घरापर्यंत डांबरी रस्ता येतो की पांढऱ्या खडीचा? टस्कनीत असे खडीचे रस्ते खूप, दिसायला सुंदर आणि रात्री पावसात अवघड. जुन्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना सगळ्यात नवे आणि सगळ्यात कमी गुणांचे आधी वाचा. मे-जूनमध्ये राहिलेल्यांचे शोधा, आणि त्यांत "पायऱ्या", "रस्ता", "घरमालक" हे शब्द कुठे येतात ते पाहा.

आता माझं स्पष्ट मत सांगते. तुमच्या घरच्या माणसांकडे बघता मी टस्कनी सुचवणार नाही.

टस्कनीतलं शेत गाडीशिवाय पिंजऱ्यासारखं होतं. जवळचं दुकानही पाच-सात किलोमीटरवर असू शकतं, आणि बस दिवसातून दोनदा आली तर नशीब. गाडी घ्यायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, उजव्या बाजूने चालवा, जुन्या शहरांच्या आतल्या बंदी असलेल्या भागात चुकून शिरलात तर कॅमेऱ्याचा दंड काही महिन्यांनी घरी येतो. यजमानांना धाकधूक वाटते असं तुम्ही स्वतः लिहिलंय. आठ दिवसांच्या सुट्टीत त्यांनी रोज दात-ओठ खाऊन गाडी चालवायची, हे मला पटत नाही.

त्याऐवजी इटलीच्याच उत्तर टोकाचा दक्षिण तिरोल प्रांत बघा. इटालियनमध्ये आल्तो आदिजे म्हणतात, राजधानी बोल्झानो. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता, आजही बहुतेक लोक जर्मन बोलतात. वेरोना शहराहून बोल्झानोला रेल्वेने दीड-दोन तासांत पोचता. तिथल्या शेतकरी संघटनेने "रोटर हान", म्हणजे लाल कोंबडा, या नावाची खूण चालवली आहे. त्या खुणेखाली फक्त शेतकऱ्यांचीच घरं येतात, संघटना ती तपासते आणि सूर्यफुलांऐवजी फुलांनी दर्जा देते. पाच फुलं सर्वात वरची. तिच्या वेबसाइटवरून शेतकऱ्याला थेट विचारता येतं. अनोळखी जाहिरातीपेक्षा हा रस्ता तुमच्यासाठी कितीतरी सुरक्षित.

दुसरं कारण बस आणि रेल्वेचं. तिथली बरीच घरं पाहुण्यांना एक पास देतात, साउथ तिरोल गेस्ट पास. त्यावर प्रांतातल्या बस आणि लोकल गाड्यांत मुक्कामभर तिकीट काढावं लागत नाही. बुक करताना विचारा, तुमच्याकडे तो पास मिळतो का. तिथल्या मेरानो शहरापासून विन्शगाउ खोऱ्यातून माल्स गावापर्यंत छोटी रेल्वे जाते, दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा. सासूबाईंना खिडकीशी बसवा आणि निघा.

मात्र घर निवडताना डोंगरावरचं की खोऱ्यातलं, हा प्रश्न त्यांच्या गुडघ्यांसाठी आधी सोडवा. डोंगरावरची शेतं चित्रात फार देखणी दिसतात, पण तिथे गोठ्यापासून घरापर्यंतसुद्धा चढ असतो. मालकाला नेमकं विचारा: बस थांब्यापासून दारापर्यंत चालत किती मिनिटं, चढ आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघरात शिरताना पायरी आहे का. "जवळच आहे" या उत्तरावर समाधान मानू नका. डोंगरातल्या माणसाचं जवळ आणि आपलं जवळ यांत फरक असतो. खोऱ्यातली घरं सपाटीवर असतात, फक्त सफरचंदाच्या बागांमध्ये फवारणी चालते. द्राक्षवाल्यांना मी फवारणीबद्दल काय सांगणार. माल्स गावाने २०१४ साली जनमत घेऊन रासायनिक कीटकनाशकांविरुद्ध कौल दिला होता, एवढा तो विषय तिथे तापलेला आहे. घराला लागून कोणाची बाग आहे आणि मेच्या शेवटी तिथे फवारे किती, हे मुलांसाठी विचारून घ्या.

जेवणाचं. अंडंही न खाणाऱ्या माणसाला तिथल्या शेतघरी तयार जेवणावर आठ दिवस काढणं कठीण जाईल. पालक घातलेले शिळ्या पावाचे उकडलेले गोळे शाकाहारी दिसतात, पण त्यांत अंडं असतं आणि कधी कधी धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडेही. श्लुत्सक्राप्फेन नावाचा पदार्थ अगदी उकडलेल्या करंजीसारखा, आत पालक आणि ताजं चीज. त्याच्या पिठात बहुधा अंडं घालतात. सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं विरजण घालूनच बनतं, हे सासूबाईंना आधी सांगा, नंतर कळलं तर त्यांना वाईट वाटेल. म्हणून नुसती खोली घेऊ नका, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि शेतकऱ्याकडून सकाळचं दूध, लोणी, मुरंबा, पाव घ्या. शेगडी इंडक्शनची आहे का ते विचारा, त्यावर चालेल असा छोटा कुकर न्या. तांदूळ, डाळ, पोहे, मसाले नेता येतात. साजूक तुपाची बरणी, पेढे, पनीर मात्र नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यावर बंदी आहे. यजमानिणीला भेट म्हणून हापूसची पेटी न्यावी असं मनात येईल. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तेही नको.

एक गोष्ट कुठल्याही प्रवास कंपनीने तुम्हाला सांगितली नसेल. तुमच्या घरी गाई आहेत. लाळ्या-खुरकत आपल्याकडे अधूनमधून येतच असतो, तिकडे तो आला तर आख्खा कळप मारून टाकतात. २०२५ मध्ये जर्मनीत, मग हंगेरी आणि स्लोव्हाकियात तो निघाला तेव्हा साऱ्या युरोपातले गोठे धास्तावले होते. मळ्यात वापरलेल्या चपला-बूट तिकडे नेऊच नका, कपडे धुऊन न्या, आणि पोचल्यावर तिथल्या शेतकऱ्याला आपणहून सांगा की आमच्याकडे गाई आहेत, गोठ्यात कधी आणि कसं यावं ते तुम्ही सांगा. एवढ्या एका वाक्याने त्याला तुम्ही कोण आहात ते कळेल. मुलांनाही बजावा: विचारल्याशिवाय जनावराला हात नाही, ट्रॅक्टरजवळ नाही, आणि उंच गवतात फुल पँट. तिथल्या गवतात गोचीड असतात, रात्री अंग तपासायचं.

पैशांचा व्यवहार आता. खरे शेतकरीसुद्धा आगाऊ रक्कम मागतात, साधारण वीस-तीस टक्के, त्यात वावगं काही नाही. पण लेखी उत्तरात कोणता शब्द आहे ते पाहा. इटालियन कायद्यात "कापार्रा कोन्फिर्मातोरिया" म्हणजे इसार. तुम्ही मोडलंत तर तो ठेवून घेतो, त्याने मोडलं तर तुम्हाला दुप्पट मागता येतो. "आक्कोंतो" म्हणजे नुसता उचल म्हणून दिलेला भाग. रद्द केल्यावर किती परत आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे ईमेलवर घ्या. भाड्यात काय धरलंय ते एकदाच विचारून टाका: शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, हीटर, अनामत. गावाचा पर्यटन कर माणशी, रात्रीप्रमाणे, बहुधा तिथेच द्यावा लागतो. पोचल्यावर सगळ्यांचे पासपोर्ट मागतील, तेव्हा दचकू नका. पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत पोलिसांना कळवणं घरमालकावर बंधनकारक आहे.

रद्द करता येणं तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण व्हिसा. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो, आणि व्हिसा मिळेलच याची हमी नसते. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत मोफत रद्द होणारंच बुकिंग ठेवा. शेतकऱ्याकडून पत्र मागा, त्यात पाचही जणांची नावं, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि शेताचा नोंदणी क्रमांक. काही एजंट बनावट बुकिंग लावून देतात, त्यांच्या नादी लागू नका, पकडलं गेलं तर पुढच्या अर्जांवरही डाग राहतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा निदान ३० हजार युरोंचा. सासूबाईंच्या वयामुळे विमा घेताना गुडघ्यांचं आणि चालू औषधांचं खरं ते लिहा.

आणि सासूबाईंचा प्रश्न. मला तो मनापासून आवडला, त्याचं उत्तर त्यांच्याच अंगाने देते. दक्षिण तिरोलमध्ये शेतीची एक जुनी रीत कायद्याने टिकवली आहे. तिथल्या कितीतरी शेतांची वाटणीच होत नाही. घर, गोठा, कुरण, रान सगळं एकत्र एकाच वारसाकडे जातं, बाकीच्या भावंडांना त्यांचा हिस्सा पैशांत मिळतो. एकाच घराण्यात दोनशे वर्षं किंवा त्याहून जास्त टिकलेल्या शेताला "एर्बहोफ", म्हणजे वारसाचं शेत, असा किताब देतात आणि त्याची पाटी घरावर लावतात. आजे-सासऱ्यांच्या किती एकरांचे किती तुकडे झाले, हे सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलंय. वाटणी न करता घर चालवणाऱ्या बाईशी त्यांना बोलायचंय का, ते विचारून बघा. ज्या भावंडांना जमीन मिळाली नाही त्यांचं काय झालं, हेही त्याच विचारतील. अशी पाटी असलेलं घर मिळालं तर पहिली पसंती त्याला द्या.

तारखांचं गणित असं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटापासून. इटलीत २ जूनला राष्ट्रीय सुट्टी असते, त्या आठवड्यात घरं लवकर भरतात, म्हणून शक्य तर २० मेच्या आसपास निघा. सध्या तुमची पिकासाठीची गोडी छाटणी चालू असेल, घाई नको. ती आटोपली की एका संध्याकाळी तीन घरं निवडा आणि तिघांनाही हेच लिहा: आम्ही भारतातले द्राक्ष उत्पादक, पाच माणसं, त्यात दोन मुलं आणि गुडघे दुखणारी आजी, शाकाहारी, गाडी नाही, तळमजला आणि स्वयंपाकघर हवं, मेच्या शेवटी तुमच्या शेतात काय चालू असतं? सोबत तुमच्या बागेचा एक फोटो जोडा, घड लागलेला.